गुंड्याच्या गुडघ्यांचं बाय टू

माझ्या बंगळूरच्या घरमालकांनी आयुष्यात एकही गोष्ट अख्खी घेतली नसावी.

तिकडे कोपऱ्याकोपऱ्यावर उभ्यानं खायची हॉटेलं असतात, आणि एक कॉफी दोघांत सांगायची रीत आहे. गल्ल्यावर नुसतं 'बाय टू' म्हणायचं, की एका कॉफीचे दोन अर्धे पेले होऊन समोर येतात. बाकीचं शहर ही रीत कॉफीपुरती पाळतं, आमच्या या मालकांनी, म्हणजे अण्णांनी, तिचा धर्म केला होता. डोसा बाय टू, केळं बाय टू, वर्तमानपत्र बाय टू. त्यातलं खेळाचं पान जिन्याच्या पायरीवर दगडाखाली माझ्यासाठी ठेवलेलं असे. एकदा मला सर्दी झाली तेव्हा त्यांनी काढा केला, अर्धा मला दिला आणि अर्धा स्वतः प्यायले. तुम्हाला कुठे सर्दी झालीय, असं मी विचारलं. एकट्यानं औषध घेतलं की ते अंगाला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

अण्णांची बायको होती तोवर दोघं रोज सकाळी कोपऱ्यावर जाऊन बाय टू कॉफी घेत. ती गेल्यावरही अण्णा बाय टूच सांगत राहिले. दोन्ही पेले स्वतःच पीत, एक संपला की दुसरा. दुसरा तोंडाला लावला की रोज म्हणत, गार झाली. त्यापेक्षा एक अख्खी सांगा, असं मी नवा असताना एकदा बोलून गेलो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा म्हणून तो विषय काढला नाही.

माझं ऑफिस महादेवपुऱ्यात आणि खोली राजाजीनगरात, म्हणजे शहराच्या या टोकाला आणि त्या टोकाला. पण मालक मराठी आहेत एवढ्यावर साताऱ्याला आमची आई खूश झाली आणि माझं काही चाललं नाही. अण्णांचे पूर्वज कधीकाळी घोड्यावरून इकडे आले, उतरले ते उतरलेच. त्यामुळे त्यांची मराठी जुनी, लुगड्याच्या घडीसारखी, आणि तिला ठायीठायी कन्नडची ठिगळं. माझी मराठी निम्मी इंग्रजी असते म्हणून ते तिला 'रिवर्क' म्हणायचे. हा शब्द त्यांच्या नोकरीतला. यशवंतपूरच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. समोर आलेल्या वस्तूवर तीनच शेरे मारायचे: पास, रिवर्क, स्क्रॅप. निवृत्त झाल्यावर वस्तू येईनाशा झाल्या, म्हणून ते हाच शेरा जगावर मारू लागले. सांबार रिवर्क. पालिकेनं केलेला रस्ता रिवर्क. त्यांच्या मुलीनं आणलेला नवा मोबाईल रिवर्क. स्क्रॅप मात्र ते सहसा कशालाच म्हणत नसत, आणि पास म्हटलेलं मी पहिली दोन वर्षं ऐकलं नव्हतं.

या घरात एक कुत्रा होता. बायकोनं कोपऱ्यावरून पिल्लू उचलून आणलं होतं, तोच. त्याचं नाव गुंडा. कन्नडमध्ये गुबगुबीत पोराला लाडानं गुंडा म्हणतात, आणि हा नावाप्रमाणे होता. दहीभात, नाचणीच्या उकडीचा गोळा, रविवारी तूप. अण्णा कडक शाकाहारी, तसा कुत्राही कडक शाकाहारी. भाडेकरूनंही अंडं-मांस शिजवायचं नाही ही अट पहिल्याच दिवशी सांगितली होती, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायचं काम गुंड्याकडे होतं. म्हणजे कुणी सोपवलं नव्हतं, त्यानं आपणहून घेतलं होतं. मी वरच्या माझ्या खोलीत आमलेट टाकलं की तो जिना चढून यायचा, दाराबाहेर बसायचा आणि शेपटीनं दार वाजवत राहायचा. मग खालून अण्णा विचारायचे, गुंडा वर का बसलाय? मी म्हणायचो, माझ्यावर जीव आहे त्याचा. आणि अर्धं आमलेट गपचूप त्याला द्यायचो. तेही एका अर्थी बाय टूच की.

मग एके वर्षी तो वर येईनासा झाला. जिन्याशी यायचा, पुढचे पाय पहिल्या पायरीवर ठेवायचा आणि मागच्या पायांची वाट बघत उभा राहायचा. मागचे पाय यायचे नाहीत. आमलेटाला आता कुणाची आडकाठी नव्हती, पण ते गोड लागेना. दाराबाहेर शेपटी वाजत नाही म्हटल्यावर मी निम्मं तसंच ठेवू लागलो.

सकाळचा कोपरासुद्धा सुटला. आधी दोघं मिळून जायचे, कॉफी अण्णांची आणि साध्या इडलीचा तुकडा गुंड्याचा. आता तो फाटकापाशीच बसकण मारी. तो येत नाही म्हणून अण्णाही जाईनात. अण्णांचे स्वतःचे गुडघे काही कमी नव्हते, जिना चढून वर येणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. पण आपल्या गुडघ्यांबद्दल ते ब्र काढायचे नाहीत. एका सकाळी गुंडा लाल फरशीवर उठताना घसरला, पुन्हा उठला, पुन्हा घसरला, आणि मग आपण मुद्दामच आडवे झालो असं तोंड करून पडून राहिला. अण्णा खुर्चीतून बघत होते. त्यांचे डोळे भरले, माझेही भरले, आणि दोघांनीही पंख्याकडे पाहिलं.

शेजारचे गृहस्थ म्हणाले, वय झालं, आता त्याला सोडवा. त्यावर अण्णा जागेवरून न उठता म्हणाले, "स्क्रॅप नाही. रिवर्क." झालं, दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराचं आयुर्वेदिक गॅरेज झालं.

आधी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी गेलो होतो बरोबर, गुंड्याला उचलायला. त्यांनी पाय हलवून पाहिले, एक्स-रे काढला, आणि सांधे झिजलेत म्हणाल्या. लागलीच गोळ्यांवर जायला नको, दुखणं फार वाढलं तर देऊ. तोवर वजन उतरवा, थोडं थोडं चालवा, शेक द्या, फरशीवर सतरंज्या टाका, जिन्याऐवजी उतार करा. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला विष असतात हे मात्र त्यांनी अण्णांचं तोंड बघून पुन्हा एकदा बजावलं. शेवटी म्हणाल्या, माशाचं तेल द्या, हाडांचं सूप द्या, फायदा होतो.

तो शाकाहारी आहे, अण्णा म्हणाले.

कुत्रा? त्यांनी विचारलं.

आमच्या घरातला कुत्रा, अण्णा म्हणाले, आणि उठले.

आता खरी गंमत सुरू झाली. अण्णांचा हिशेब सरळ होता. गुंड्याला बोलता येत नाही. औषधानं बरं वाटतंय की नाही हे तो सांगणार कसा? तेव्हा प्रत्येक उपाय आधी आपल्या गुडघ्यावर करून बघायचा, मग त्याच्या. उपाय बाय टू. कारखान्यात माल बाहेर पाठवण्यापूर्वी नमुना तपासतात, तसा इथला नमुना म्हणजे अण्णा स्वतः.

जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून आधी अण्णांच्या गुडघ्यावर, मग हाताला कोमट लागली की गुंड्याच्या मांडीवर. गुंडा डोळे मिटून घोरायचा, अण्णाही घोरायचे, आणि मीठ थंड होऊन जायचं. मग काळं, उग्र वासाचं तेल आणलं. कुत्रा तेल चाटतो, त्याला लावू नका, असं डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, म्हणून ते फक्त स्वतःला लावलं. पाठ वळली तेव्हा गुंड्यानं अण्णांचे दोन्ही गुडघे चाटून साफ केले. त्या आठवड्यात दोघांचीही पोटं बिघडली. गुंड्याचं तेलानं आणि अण्णांचं सहानुभूतीनं.

महादेवपुऱ्यात राहणारी मुलगी रविवारी यायची. तिनं उताराची फळी करून आणली, तिला वर खरखरीत चटई चिकटवलेली. अण्णांनी ती अंगणात लावली, पंचा खोचला, चारी पायांवर झाले आणि खालून वर चढून दाखवलं. गुंडा शेजारी बसून लक्ष देऊन पाहत होता. अण्णा वर पोचले आणि तिथंच अडकले, कारण उलटं कसं यायचं याचा विचार केला नव्हता. मी आणि मुलीनं त्यांना उतरवलं. फळी रिवर्कला गेली, रुंद होऊन आली.

मुलीनंच कुत्र्यांचे मोजेही आणले, तळाला रबर लावलेले, फरशीवर न घसरणारे. पाकिटात चार. गुंड्याचे मागचेच पाय घसरत होते. उरलेले दोन कुणाचे हे मला कळायला हवं होतं. अण्णांनी ते ताणून ताणून आपल्या पायांत चढवले, ते बोटांच्या पुढे गेले नाहीत. तशाच अवतारात ते टपालवाल्याला सामोरे गेले. त्यानं आधी अण्णांचे पाय पाहिले, मग गुंड्याचे, आणि टपाल हातात देऊन वाटेला लागला.

मग पोहणं. पाण्यात सांध्यांवर भार येत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. लहान पोरांचा फुगवायचा हौद आणला, निळा, वर बदकांची चित्रं. त्यात कोमट पाणी भरलं आणि अण्णा बनियन-पंचावर आत जाऊन बसले. मग मी गुंड्याला उचलून समोर ठेवला. दोघं समोरासमोर पाण्यात, दोघांचीही नजर तिसरीकडे. पलीकडच्या गच्चीवर माणसं गोळा झाली. गुंड्यानं थोडे पाय मारले, मग नख लागलं, आणि हौद हळूहळू बसायला लागला. बदकं आडवी झाली, पाणी तुळशीकडे गेलं, आणि शेवटी अंगणाच्या मधोमध दोन म्हातारे ओले बसलेले उरले. "साकु," अण्णा म्हणाले. म्हणजे पुरे.

सगळ्यात टिकला तो हळदीचा लाडू. हळद, खोबरेल, भरडलेली मिरी, सगळं कढईत घोटून गोळे वळायचे. किती द्यायचा हे डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं. रोज एक लाडू बोटांनी नेमका मधोमध तोडायचा, अर्धा गुंड्याला, अर्धा अण्णांना. चव अशी की गुंडा आधी तोंड फिरवायचा. मग अण्णा त्याच्यासमोर आपला अर्धा खात आणि 'आहाहा' म्हणत. गुंडा भोळा. अण्णांच्या मिशा मात्र पिवळ्या झाल्या त्या झाल्याच.

वजन उतरवणंही बाय टू होतं. दोघांचंही तूप बंद. गुंडा खरोखरच उतरू लागला, कारण त्याला फाटकाची कडी काढता येत नव्हती. अण्णांना येत होती. एका दुपारी मी त्यांना कोपऱ्यावर तुपाळ खाराबात, म्हणजे तिकडचा तिखट उपमा, खाताना पकडलं. म्हणाले, हॉटेलवाल्याचं तूप तपासत होतो.

एवढं करून फरक पडला. नाही असं नाही. गुंडा फरशीवर घसरायचा थांबला, फाटकापर्यंत हसतखेळत जाऊ लागला. पण त्यापुढे गाडी सरकेना. सकाळी उठताना कण्हायचा ते कण्हायचाच. उपाय संपले होते. उरला होता तो एकच, ज्याचं नाव ते काढत नव्हते.

एका शनिवारी त्यांनी जिन्याच्या तळाशी उभं राहून मला हाक मारली. मी खाली आलो तर ते तुळशीशी बोलत असल्यासारखे उभे. म्हणाले, तू सातारचा नव्हे? मी हो म्हटलं. तिकडे तुमच्यात ते करतात म्हणे. काय ते? तेच की रे. मला वाटलं, आमलेट उघडकीला आलं. मी हात जोडले आणि सगळं कबूल करून टाकलं, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, तेही खिडकी बंद करून.

अण्णा म्हणाले, ते ठाऊक आहे. गुंडा जिना चढत नसला तरी वास उतरतो की. मी सूप विचारतोय. हाडांचं.

बकऱ्याच्या पायांचं सूप आमच्याकडे कुणाचं हाड मोडलं की आई करते. मी फोन लावला. घरमालकांच्या कुत्र्यासाठी हवंय म्हटल्यावर आई म्हणाली, मुक्या जिवाचं पुण्य लागतं, कर. कांदा नाही, लसूण नाही, मीठ नाही, शिजलेलं हाड तर अजिबात द्यायचं नाही, नुसतं गाळलेलं पाणी, ही डॉक्टरीणबाईंची ताकीद. मी साड्यांच्या दुकानाच्या पिशवीतून पाये आणले आणि मंद आचेवर ठेवले. दुपारपर्यंत गल्लीभर वास. समोरच्या अक्कांनी विचारलं, काय शिजतंय? अण्णा फाटकात उभे राहून म्हणाले, कषाय, म्हणजे काढा. गुडघ्यांचं.

ते खोटं तरी कुठे होतं!

मी पातेलं खाली नेलं तेव्हा त्यांनी तयारी करून ठेवली होती. देवांच्या तसबिरींवर धुतलेला पंचा टाकलेला. बायकोचा फोटो मात्र तसाच उघडा, तिची परवानगी घेतली असावी. आणि जमिनीवर वाट्या मांडलेल्या. दोन.

मी म्हटलं, अण्णा, यात बाय टू नको. तुम्ही जन्मात शिवला नाहीत. त्याला तेवढं देऊ.

ते गुंड्याच्या मागच्या पायावरून हात फिरवत होते. म्हणाले, "इतके दिवस मी खाल्लं म्हणून त्यानं खाल्लं. आता हे एकट्यानं पी म्हणून कसं सांगू?"

मी दोन्ही वाट्या भरल्या.

गुंड्यानं आपल्या वाटीला नाक लावलं आणि क्षणभर थबकला. जन्मभर दहीभात खाल्लेला जीव तो. मग त्यानं असा काही ताव मारला की वाटी सरकत सरकत खाटेखाली गेली, आणि तिच्यामागून तोही गेला. अण्णांनी आपली वाटी उचलली. डोळे मिटले. ओठ हलत होते. माफी मागत होते की शेरा ठरवत होते कोण जाणे. आणि घटाघट पिऊन टाकलं. आता ओकणार की रडणार की मलाच घराबाहेर काढणार, काही सांगता येत नव्हतं.

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि पिवळ्या मिशा पुसल्या.

"मीठ नाही," ते म्हणाले. "पुढच्या वेळी माझ्यात स्वल्प घाल."

पुढच्या वेळा बऱ्याच झाल्या. मुलीला कळलं तेव्हा ती हसून हसून पायरीवरच बसली. पुढं माशाच्या तेलाची बाटलीही आली, तेही दोघांनी नाक मुरडून घेतलं. सुपानं जादू केली असं मी म्हणणार नाही; मीठ, सतरंज्या, उतरलेलं वजन, हळद, सगळ्यांचा हात लागला असेल. पण एका रविवारी सकाळी मी आमलेट टाकलं आणि दारावर थाप पडली. हळू, बोथट, ओळखीची. शेपटीची.

दार उघडलं. गुंडा उभा होता, जीभ बाहेर, छाती भात्यासारखी. मागून, कठड्याला धरून, एकेक पायरी मोजून मापून चढत अण्णा येत होते. तो वर गेलेला दिसला म्हणून त्याला आणायला निघाले होते, आणि अर्ध्या जिन्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपणही चढतोय. दोघं दारात धापा टाकत उभे राहिले. अण्णांनी कुत्र्याकडे पाहिलं, आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं.

"पास," ते म्हणाले.

कुणाला, ते मी आजवर विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघं पुन्हा कोपऱ्यावर जाऊ लागले. हॉटेलवाल्यानं न सांगता दोन पेले आणि साधी इडली समोर ठेवली.

गुंडा त्यानंतर एक पावसाळा आणि एक हिवाळा आमच्यात होता. एका दुपारी अंगणात उन्हं आली होती, तिथं सतरंजीवर झोपला आणि उठला नाही. दुखणं नाही, कण्हणं नाही. अण्णा रडले नाहीत. मी मात्र चांगला रडलो, आणि अण्णा माझ्या पाठीवर हात ठेवून सरी, सरी, म्हणजे असू दे, असू दे, म्हणत राहिले.

मग बरेच दिवस ते दिसेनात. फाटक बंद, कोपऱ्यावर पत्ता नाही. वर्तमानपत्र पायरीवर अख्खंच्या अख्खं पडून असायचं, ते मला बघवत नसे.

एका संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. अण्णा दारात, हातात पितळी डबा. आत येऊन बसले, डब्यातून हळदीचा लाडू काढला, बोटांनी नेमका मधोमध तोडला आणि अर्धा माझ्यासमोर धरला.

मी म्हटलं, अण्णा, माझे गुडघे चांगले आहेत.

"ते असू देत," ते म्हणाले. "त्याचा वाटा आहे. मी एकटा कसा खाऊ?"

मी खाल्ला. गुंडा भोळा होता हे मला त्या दिवशी पटलं. तोंडभर कडू, वर मिरीचा जाळ, घशाखाली काही जाईना. अण्णांनी आपला अर्धा संपवला आणि रोजच्या सवयीनं 'आहाहा' म्हणाले. मग रोज संध्याकाळी ते जिना चढून यायचे आणि मी कुत्र्याचं औषध खायचो. ऑफिसात माझ्या पिवळ्या बोटांबद्दल विचारायचे, तेव्हा मी वारशात मिळालंय म्हणायचो. डबा रिकामा झाला त्या संध्याकाळी मला आतून हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. अण्णांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, कसा होता?

ते माझ्याकडे बघत होते. 'पास' म्हटलं असतं तर ते खाली गेले असते, आणि पुन्हा वर यायला त्यांच्याकडे काही कारण राहिलं नसतं.

"रिवर्क," मी म्हटलं.

कितीतरी दिवसांनी त्यांच्या पिवळ्या मिशा हलल्या. ते उठले आणि कठड्याला हात न लावता जिना उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हळद घोटल्याचा वास आला, आणि मी ते घर सोडेपर्यंत रोज येत राहिला.

आता माझ्या वयाचे मित्र उठता-बसता गुडघे धरतात. माझे ठणठणीत आहेत. असणारच, गुंड्याच्या वाट्याचं सगळं मी खाल्लंय.